पोकळ वासा, भरीव खर्ज: एका बेस गिटारच्या प्रथमदर्शनाचा इतिहास

मराठीत 'पोकळ' हा शब्द स्तुतीसाठी क्वचितच वापरला जातो. पोकळ बडबड, पोकळ डौल, पोकळ आश्वासन ही त्याची नेहमीची सोबत. आणि 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण तर आपण वाशाचा विचारही न करता वापरतो. ज्याच्या आत काही नाही ते खोटे, अशी आपल्या भाषेची धारणा दिसते. वाद्यांच्या जगात मात्र नेमके उलटे आहे. तंबोऱ्याचा भोपळा, पखवाजाचे खोड, बासरीचा वेळू या साऱ्यांना आतले काढून टाकल्यावाचून आवाज मिळत नाही. या दोन धारणांच्या मधोमध सापडलेले एक आधुनिक वाद्य म्हणजे अर्धपोकळ इलेक्ट्रिक बेस गिटार. तिच्याविषयी लिहिण्याचे कारण संगीतापुरते मर्यादित नाही. एखाद्या गोष्टीविषयी आपले पहिले मत कसे बनते, आणि ते बनताना आपण कशाचे श्रेय कशाला देऊन बसतो, याचा एक चांगला धडा तिच्या इतिहासात आहे, असे मला वाटते.

प्रथम माझी स्वतःची फजिती सांगतो. काही महिन्यांपूर्वी एका स्नेह्यांच्या घरी अशी गिटार पहिल्यांदा हातात घेतली. अंगाने मोठी, पण दिसते त्या मानाने हलकी. पोटावर व्हायोलिनसारखी एफ आकाराची दोन छिद्रे. चार जाड तारा. ॲम्प्लिफायरला न जोडता तार छेडली तर शेजारच्या खोलीत कोणी हळू बोलत असावे तसा स्वर आला. मग त्यांनी ती जोडली. तोच स्वर आता खोलीभर पसरला; गोल, ऊबदार आणि तरीही प्रत्येक स्वर शेजारच्या स्वरापासून वेगळा. मी उत्साहाने म्हणालो, "लाकूड बोलतंय हो!" ते हसले. "लाकूड नाही, तुमचे डोळे बोलताहेत," असे म्हणून त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितले. त्यानंतर त्यांनी दोन बेस गिटार आलटून पालटून वाजवल्या, एक ही आणि दुसरी सबंध भरीव लाकडाची. पोकळ कोणती हे मी चार वेळा सांगितले आणि त्यांपैकी तीन वेळा चुकलो.

घरी परतताना मनात राहिला तो प्रश्न असा: मी जे ऐकले ते खोटे नव्हते, स्वर खरोखरच ऊबदार होता. चुकले होते ते त्याचे कारण. हीच चूक या वाद्याच्या बाबतीत इतरांकडूनही झाली असेल का? इतिहास चाळून पाहता असे दिसते की, या वाद्याचा जन्मच मुळी डोळे आणि कान यांच्या या गोंधळात झाला आहे.

इलेक्ट्रिक बेस गिटारच्या आधी पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जाचा भार वाहणारे वाद्य म्हणजे डबल बेस. माणसाहून उंच, उभे धरून वाजवायचे, प्रवासात अत्यंत गैरसोयीचे. इतका आकार असूनही नृत्यसंगीताच्या मोठ्या वृंदात, पितळी वाद्ये आणि ढोल यांच्यासमोर, त्याचा आवाज हरवून जाई. १९४०च्या दशकात एव्हरेट हल या वादकाने डबल बेसच्या तळाच्या खुंटीत मायक्रोफोन बसवून आवाज वाढवण्याची युक्ती काढली, आणि त्यातूनच पुढे 'ॲम्पेग' हे ॲम्प्लिफायरच्या कंपनीचे नाव आले. तिकडे अमेरिकेतील सिॲटल शहरात पॉल टटमार्क याने १९३०च्या दशकातच पडदे असलेली, आडवी धरून वाजवायची, भरीव लाकडाची विद्युत बेस बनवून विकायला ठेवली होती. ती फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने आपली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि चित्र बदलले. प्रिसिजन म्हणजे अचूकता. दांडीवर पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागतो, हा त्या नावाचा अर्थ. ती एक भरीव फळी होती. तिने जुन्या वाद्याचा कोणताही वेश धारण केला नव्हता.

पण नव्या वस्तूने जुन्याचा वेश न घेणे हे सर्वांनाच मानवते असे नाही. १९५३ साली गिब्सन या जुन्या आणि प्रतिष्ठित कंपनीने आपली पहिली इलेक्ट्रिक बेस काढली. तिचा आकार व्हायोलिनचा होता, आणि उभी धरून वाजवता यावी म्हणून तळाला लांबवता येणारा एक दांडाही होता. अंग मात्र भरीव महोगनीचे. भरीव अंगाला छिद्राची गरज काय? तरीही तिच्या पृष्ठभागावर एफ आकाराचे छिद्र होते, रंगाने काढलेले! आत पोकळी नाही, बाहेर पोकळीचे चित्र आहे. पाहणाऱ्याला हे वाद्य ओळखीचे वाटावे, एवढेच त्या चित्राचे काम.

याच्या अगदी उलट उदाहरण जर्मनीतले. हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस १९५६ साली फ्रँकफर्टच्या वाद्यप्रदर्शनात लोकांसमोर आली. ती आतून खरोखरच पोकळ होती, पण तिच्या पोटावर छिद्र नव्हते. म्हणजे भरीव वाद्यावर छिद्राचे चित्र, आणि पोकळ वाद्याला छिद्रच नाही. एखाद्याने केवळ पाहून या दोन वाद्यांविषयी मत बनवले असते तर ते बरोबर उलटे झाले असते. हीच हॉफनर पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना घेतली. तो डावखुरा, दोन्ही बाजूंनी सारखी असलेली ही गिटार उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही, हे तिच्या निवडीचे एक कारण त्याने नंतर सांगितले आहे. म्हणजे विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध बेस गिटारच्या निवडीतही दिसण्याचा वाटा होताच. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेत बीटल्सचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी पाहिला. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचाचा लहानसा स्पीकर खर्ज धड वाजवूच शकत नसे. तेव्हा त्या रात्री बहुसंख्यांनी बेस गिटार ऐकली त्यापेक्षा पाहिलीच अधिक, असे म्हणायला हरकत नाही.

अर्धपोकळ ही कल्पना यानंतरची नव्हे. तिचे मूळ थोडे मागे जाऊन पाहावे लागते. गिटारचे अंग पोकळ असले आणि आवाज विजेने वाढवला की स्पीकरमधून येणारा नाद पुन्हा त्या पोकळीला हलवतो, ती तारांना हलवते, तारांचा आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि या फेऱ्यातून कर्कश हूऽ असा आवाज सुटतो. यावर उपाय म्हणून लेस पॉल या गिटारवादकाने १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोन कंपनीच्या कारखान्यात बसून एक प्रयोग केला. चार इंच रुंद आणि चार इंच जाड अशा पाइनच्या ओंडक्याला दांडी, तारा आणि पिकअप बसवले. आवाज त्याला हवा तसा आला. परंतु तो ओंडका घेऊन श्रोत्यांसमोर गेला असता कोणी फारशी दाद दिली नाही, असे तो सांगत असे. मग त्याने एका गिटारचे अंग उभे कापून त्याचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे चिकटवले. आवाजात म्हणण्यासारखा बदल नाही. पण आता ती गिटार दिसू लागली, आणि लोकांना ऐकूही येऊ लागली.

हा किस्सा वादकाने स्वतः रंगवून सांगितलेला असेल असे धरले तरी त्यातला ओंडका आणि ते पंख खरे आहेत. १९५८ साली गिब्सनने जी पातळ अंगाची अर्धपोकळ गिटार काढली तिची रचना जवळपास अशीच होती: मधोमध वरपासून खालपर्यंत मॅपल लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळ पंख आणि त्या पंखांवर एफ आकाराची खरी छिद्रे. त्याच वर्षी याच घाटाची बेस गिटारही आली, 'ईबी-२'. आदल्याच वर्षी गिब्सनने एपिफोन ही कंपनी विकत घेतली होती. तेव्हा १९५९ पासून मिशिगनमधील त्याच कॅलामाझूच्या कारखान्यातून एपिफोनच्या नावाने तिची जुळी बहीण 'रिव्होली' बाहेर पडू लागली. इंग्लंडमध्ये ॲनिमल्सचा चॅस चँडलर आणि यार्डबर्ड्सचा पॉल सॅमवेल-स्मिथ हे या घराण्याच्या बेस वाजवत.

या वाद्याविषयी त्या काळी जे मत बनले ते एका शब्दात सांगता येते: गढूळ. स्वर जाड, पण त्याला कड नाही. दुसऱ्या बाजूने तोच स्वर कोणाला ऊबदार आणि भरदार वाटे. दोन्ही मते एकाच नादाविषयी आहेत, आणि दोन्ही मतांचे कारण सहज सुचावे असे समोरच असते: वाद्य पोकळ आहे! पोकळ म्हणून घुमते, घुमते म्हणून गढूळ. किंवा पोकळ म्हणून लाकडाचा श्वास लागतो, म्हणून ऊबदार. मीही त्या संध्याकाळी याच वाटेने गेलो होतो.

परंतु पिकअप कसे चालते ते पाहिले की ही वाट बंद होते. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची अत्यंत बारीक तार. तिच्या वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि गुंडाळीत विद्युतप्रवाह निर्माण होतो. पिकअपला लाकडाचा नाद ऐकू येत नाही, त्याला कळते ती फक्त तारेची हालचाल. लाकूड तारेची थोडी ऊर्जा शोषते, थोडी परत देते, एवढाच त्याचा अप्रत्यक्ष हात. आता ईबी-२ मध्ये एकच मोठे पिकअप होते आणि ते दांडीच्या अगदी जवळ बसवले होते. तेथे तार मोकळेपणी झुलते, त्यामुळे मूळ स्वर प्रबळ येतो; घोडीच्या बाजूला जावे तसे उपस्वर तुलनेने अधिक मिळतात. शिवाय तारेची लांबी साडेतीस इंच, फेंडरच्या चौतीस इंचांहून कमी; त्यामुळे ताण कमी आणि स्वर अधिक मऊ. तारा त्या काळच्या रीतीप्रमाणे चपट्या वेष्टनाच्या, म्हणजे उपस्वर आणखी दबलेले.

याला जोड मिळाली ऐकण्याच्या साधनांची. बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. लहान रेडिओचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण उपस्वर कानी पडले की मूळ स्वर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. ज्या वाद्यात मूळ स्वर भरपूर आणि उपस्वर थोडे, ते मोठ्या स्पीकरवर धीरगंभीर वाटते आणि लहान रेडिओवर जवळपास नाहीसे होते. १९५९ साली गिब्सनने ईबी-२ ला एक कळ बसवली. ती दाबली की खर्ज कमी होऊन स्वर पातळ होई. तक्रारीचे मूळ वीजमार्गात आहे हे निर्मात्यांना उमगले असावे, असे या कळीवरून म्हणता येते.

पुरावा म्हणून आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. याच प्रकारचे पिकअप, त्याच जागी, तेवढ्याच लांबीच्या तारांखाली, गिब्सनने आपल्या भरीव अंगाच्या बेसमध्येही बसवले: १९५९ची 'ईबी-०' आणि १९६१ची 'ईबी-३'. क्रीमच्या जॅक ब्रूसमुळे यांतली दुसरी प्रसिद्ध झाली. त्या भरीव वाद्यांवरही गढूळपणाचा आरोप तसाच राहिला. वादकांनी पुढे त्या पिकअपला 'मडबकर' असे टोपणनाव दिले. 'हंबकर' या तांत्रिक नावाची ती मोडतोड आहे, आणि तिच्यातला 'मड' म्हणजे चिखल. थोडक्यात, वाशाची पोकळी काढून टाकली तरी चिखल राहिलाच.

उलट बाजूचा पुरावा यायला काही वर्षे जावी लागली. १९६५ साली गिल्ड कंपनीची 'स्टारफायर' ही अर्धपोकळ बेस आली. तिच्यात हागस्ट्रॉम या स्वीडिश कंपनीचे पिकअप होते आणि त्याचा स्वर अधिक स्वच्छ होता. सॅन फ्रान्सिस्कोमधील जेफरसन एअरप्लेनचा जॅक कॅसडी आणि ग्रेटफुल डेडचा फिल लेश या दोघांनी ती उचलली, आणि आलेम्बिकच्या तंत्रज्ञांकरवी तिच्यातील विद्युत-मंडळे बदलून घेतली. अंग तेच पोकळ पंखांचे. पण या दोघांचे वादन खर्जाचा पाया घालून थांबत नाही, ते गाण्याच्या मध्यभागी येऊन स्वतंत्रपणे बोलते. गढूळ वाद्यावर असे वादन ऐकूच आले नसते.

१९७३ साली गिब्सनने लेस पॉलच्या नावाची अर्धपोकळ बेस काढली. ओंडक्याला पंख चिकटवणाऱ्या माणसाचेच नाव तीस वर्षांनी पोकळ पंखांच्या बेसवर आले, हा योगायोग मोठा गमतीचा. तिच्यात लेस पॉलच्या आवडीचे कमी प्रतिबाधेचे पिकअप होते. त्याने उपस्वर फार न गमावता स्वर पुढे जातो. ती फारशी खपली नाही आणि दशक संपता संपता बंद पडली. १९८०च्या दशकात तशी एक जुनी बेस जॅक कॅसडीच्या हाती लागली, तिच्या स्वरावर तो लुब्ध झाला, आणि त्याच्या आग्रहातून व देखरेखीखाली १९९७ साली एपिफोनने त्याच्या नावाची बेस बाजारात आणली: अर्धपोकळ अंग, चौतीस इंचांच्या तारा, कमी प्रतिबाधेचे एकच पिकअप आणि तीन टप्प्यांची एक फिरती कळ. माझ्या स्नेह्यांच्या घरी मी हातात घेतली ती हीच. जिला मी 'लाकूड बोलतंय' म्हणालो, तिच्यात बोलत होती ती बहुतांशी तारेची लांबी, पिकअपची जागा आणि त्याची गुंडाळी.

मग पोकळीचे काहीच काम नाही काय? तसे म्हणणेही चूक होईल. पोकळीमुळे वाद्य हलके होते. विजेशिवायही ते थोडे बोलते, म्हणून रात्री उशिरा एकट्याने रियाज करता येतो. त्याचे कंप वादकाच्या बरगड्यांना जाणवतात, आणि ज्याला आपला स्वर अंगात जाणवतो तो वेगळ्या हाताने वाजवतो. म्हणजे पोकळी श्रोत्यापर्यंत पोहोचते ती वादकाच्या हातातून.

हे वाचताना तंबोऱ्याशी परिचय असलेल्यांना काहीतरी ओळखीचे वाटले असेल. मिरजेच्या कारागिरांच्या दुकानात गेले की नजर प्रथम भोपळ्यांवर जाते आणि तंबोऱ्याच्या गुंजनाचे सारे श्रेय आपण त्यांना देऊन टाकतो. भोपळा नाद वाढवतो हे खरेच. परंतु ज्या गुंजनावर गायकाचा जीव असतो, ते उपस्वरांचे दाट जाळे तयार होते घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर आणि तारेखाली सरकवलेल्या सुताच्या धाग्यावर. जवारी बिघडली तर भोपळा कितीही उत्तम असला तरी तंबोरा मुका वाटतो. तो धागा दोन हातांवरून दिसतही नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना यात रस का वाटावा, हे आता सांगितले पाहिजे. आपण साहित्यकृतीच्या पहिल्या वाचनात जे अनुभवतो ते बहुधा खरे असते; त्याचे कारण मात्र आपण जे सर्वांत आधी दिसते त्याला चिकटवतो. कवितेच्या ओळी लहानमोठ्या दिसल्या की 'गद्यप्राय', शब्द अनोळखी दिसले की 'दुर्बोध'. मर्ढेकरांची 'काही कविता' १९४७ साली आली तेव्हापासून दुर्बोधतेचा वाद आपल्याकडे किती काळ चालला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात एक प्रश्न नेहमीच मागे राहतो: अर्थ खरोखरच कवितेत गढूळ झाला होता, की तो पोहोचवणारा आपला स्पीकर लहान होता? दर वेळी दोष वाचकाचाच असतो असे मला म्हणायचे नाही. ईबी-२ चे पिकअप खरोखरच चिखल करत होते. पण चिखल कोठे होतो आहे हे शोधल्यावाचून 'वासा पोकळ आहे' असे म्हणून मोकळे होणे ही समीक्षा नव्हे. आणि पोकळपणाला दोष देणारा व त्याच पोकळपणाची ऊब वाखाणणारा, दोघेही एकच चूक करत असतात. फक्त त्यांच्या आवडी वेगळ्या.

असो. त्या प्रसंगानंतर वर्गात एक छोटा उपक्रम मी सुरू केला आहे. नवी कविता हाती दिली की विद्यार्थ्यांनी प्रथम एका ओळीत आपले पहिले मत लिहायचे. ते खोडायचे नाही. मग त्याखाली, कवितेतील नेमक्या कोणत्या गोष्टीमुळे तसे वाटले, ते शोधून लिहायचे. बहुतेकांची पहिली ओळ तशीच राहते, खालची मात्र दोन-तीनदा बदलावी लागते. माझ्या वहीतही तशी एक नोंद आहे. वरच्या ओळीत 'स्वर ऊबदार' असे लिहिले आहे, आणि ते मी आजही बदलणार नाही. खाली 'लाकूड' लिहिले होते. ते खोडून आता 'तारेची लांबी, पिकअपची जागा, वाजवणाऱ्याचा हात' असे लिहिले आहे.